तात्यांच्या ताटातला पांढरा गोळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. पुण्यात जिच्याबरोबर तीन वर्षं एका खोलीत काढली, त्या मुलीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि सांगताना तुमच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. हे कारण काही फार चांगलं नाही, ठाऊक आहे मला.

कुठून सुरू करू? खाण्यापासून करते. खाण्याबद्दल बोलणं सोपं असतं.

ज्वारीची शिळी भाकरी तव्यावर कडक होईपर्यंत भाजायची. तिच्यावर पिकलेल्या टोमॅटोच्या चकत्या, चिमूटभर मीठ. वर ताज्या मोझरेलाचे हातानं तोडलेले तुकडे. दुकानात मिळतं ते रबरासारखं चीज नव्हे — हे पांढरं, ओलं, बोटानं दाबलं तर दूध सुटणारं. त्यावर बेसिलची चार पानं आणि करडईच्या तेलाची धार. बस. आमच्या कन्हेरीसारख्या गावात याला खर्च तो काय? दूध गोठ्यातलं. टोमॅटो आमच्याच बांधावरचे. बेसिल म्हणजे आपला सब्जा. किराणा दुकानातून आणलेलं, सरबतात घालायचं बी मी कुंडीत टाकलं आणि महिन्याभरात पानांचा तो गोडसर, बडीशेपेसारखा वास ओट्यापर्यंत यायला लागला.

पुण्यात मैत्रिणी हेच एका कॅफेत बसून खायच्या. मी कधी मागवलं नाही. पैशांचं नव्हतं एवढं — त्या पदार्थाचं नाव नक्की कसं उच्चारतात ते मला माहीत नव्हतं, आणि मी बारामतीच्या इंग्रजी शाळेतली मुलगी, मला ते माहीत असायला हवं होतं. म्हणून मी कॉफी पीत त्यांच्या ताटल्यांकडे बघत बसायचे. मी बघत बसण्यात हुशार आहे.

शिक्षण संपवून घरी आले, नोकरीची वाट बघत. बसल्या बसल्या मोबाइलवर एक पान सुरू केलं. कमी खर्चाचं, साधं, मांस-मच्छी नसलेलं जेवण. फोटो आणि खाली इंग्रजीत चार ओळी. त्यात माझा चेहरा कधीच नसायचा, फक्त हात. तेही माझे नव्हते. वहिनींचे होते.

वहिनींबद्दल सांगायला हवं. तात्यांबद्दलही. त्या दोघांमध्ये जे होतं, ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

तात्या म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. काकू लग्नानंतर दोनच वर्षांत गेल्या, मूल नव्हतं, तात्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मटण-मच्छी-अंडं सोडलं. नुसतं सोडलं नाही. ज्या भांड्यात ते शिजलंय त्या भांड्यातलं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आमच्या घरात रविवारी मटण असायचंच. गोठ्यामागच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. पण हात तर तेच ना? म्हणून तात्या रविवार-सोमवार दूध आणि शेंगदाण्यावर काढायचे. आईला याचं वाईट वाटायचं आणि राग पण यायचा. ती म्हणायची, "ह्यांची भांडी घासू का देवाची?"

मग दादाचं लग्न झालं. वहिनी वरकुट्याच्या, इंदापूर तालुक्यातल्या. दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या माहेरी तर दर बुधवारी कोंबडी कापायचे. लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी त्यांनी बघितलं, की म्हातारा माणूस दुधात शेंगदाणे बुडवून चावायचा प्रयत्न करतोय. पुढचे दोन दात तेव्हाच पडलेले. त्यांनी कुणाला न विचारता मटणाला हात लावायचं सोडलं. खायचंच सोडलं. तात्यांसाठी एक फळी वेगळी केली. त्यावर एक तवा, दोन पातेली, एक परात, पोळपाट. आणि तात्यांना जाऊन सांगितलं, "आता रविवारी बी जेवायचं. माझ्या हाताला काय लागल्यालं नसतंया."

तात्यांनी विचारलं, "खरं न्हवं?"

"गळ्याची आण."

"गळ्याची नगं, गळ्यात माळ माझ्या हाय," तात्या म्हणाले आणि हसले. ते हसायचे कमी, त्यामुळे माझ्या लक्षात आहे.

त्या दिवसापासून तात्या वहिनींच्या हातचं खायला लागले, आणि फक्त वहिनींच्याच. लग्नाला सहा वर्षं झाली, वहिनींना मूल झालं नव्हतं. लोक काय काय बोलत होते, तुम्हाला सांगायला नको. पण घरात कुणी बोललं की तात्या म्हणायचे, "तिच्या हातचं दोन येळचं मी खातो. तिला बोलायचं तर मला बोला." या घरात वहिनींची जागा त्या एका फळीवर टिकलेली होती. मी ते बघत होते. मी म्हटलं ना, मी बघण्यात हुशार आहे.

आता चीज.

पहिल्यांदा आम्ही दोघींनी ते व्हिनेगर घालून केलं. दूध कोमट करायचं, व्हिनेगर सोडायचं, गोळा बाजूला काढून गरम पाण्यात ताणायचा. मी मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ बघून सांगायचे, वहिनी करायच्या. पाणी इतकं कढत, की माझं बोट टेकत नसे, वहिनी मात्र दोन्ही हात बुडवून गोळा ओढायच्या, दुमडायच्या, पुन्हा ओढायच्या. जरा चिवट व्हायचं, पण व्हायचं. तात्यांना ते आवडलं. टोमॅटो मऊ, चीज मऊ, भाकरी त्यांच्यासाठी भाजायची नाही, दुधात भिजवायची. पहिल्या दिवशी पांढऱ्या गोळ्यावर हिरवं पान बघून त्यांनी हात जोडले. त्यांना ते नैवेद्यावर ठेवलेल्या तुळशीच्या पानासारखं वाटलं. वहिनी म्हणाल्या, "तुळस न्हवं तात्या, सब्जा हाय." ते म्हणाले, "असू दे. बहीणच हाय तिची."

व्हिनेगरनं चाललं होतं. हे नीट ऐका, कारण पुढे मी कितीही काही सांगितलं तरी हे बदलत नाही — सगळं चाललं होतं.

पण फोटोत ते चांगलं दिसत नव्हतं. कडेला खडबडीत, कापलं की भुगा. मला तो गोळा हवा होता, व्हिडिओतला. त्याला रेनेट लागतं, विरजणासारखं, दूध घट्ट बसवणारं. शाळेतली माझी मैत्रीण सायली इंग्लंडला शिकत होती. तिला मी लिहिलं, येताना रेनेटच्या गोळ्या आण. कुठल्या, ते लिहिलं नाही. सुट्टीत आली तेव्हा तिनं चपट्या डबीत चोवीस गोळ्या आणून दिल्या आणि लगेच मुंबईला मावशीकडे गेली.

डबी माझ्या हातात होती. मागे बारीक अक्षरात घटक लिहिले होते. मी वाचले.

वासराच्या जठरातलं असतं ते. दूध पिणाऱ्या वासराच्या. त्याला मारून काढतात. कापडावर पडलेला डाग दिसावा तसं मला ते लख्ख दिसलं. इंग्रजी वाचायला मला कधीच अडचण आली नाही.

वहिनी ओट्यापाशी दूध तापवत होत्या. हात पुसत माझ्याजवळ आल्या, डबी उलटसुलट करून बघितली. त्यांना इंग्रजी अक्षरं येतात, शब्द लागत नाहीत. त्यांनी विचारलं, "ताई, ह्यात काय वंगाळ तर न्हाय ना? तात्यांना चालंल न्हवं?"

मी म्हणाले, "चालेल."

एक शब्द. मी कमी बोलते.

का म्हणाले? मी हे स्वतःला इतक्यांदा विचारलंय, की आता उत्तरं तयार आहेत, आणि त्यातली बरीचशी खोटी आहेत. तीन आठवडे वाट बघितली होती, म्हणून? खिडकीतून फोटोसाठी चांगला उजेड येत होता, म्हणून? दोन्ही खरं आहे, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. मला वाटलं — एवढीशी गोळी. चार लिटर दुधात अर्धी. कुणाला काय कळणार आहे? आणि मनातल्या मनात मी दोन शब्द म्हणाले, इंग्रजीत, जे आमच्या शाळेतल्या मुली गावाकडच्या लोकांबद्दल म्हणायच्या. ही माणसं, असा त्याचा अर्थ. ज्यांनी मला खांद्यावर बसवून ऊस तोडून दिला, त्यांच्याबद्दल मी हे म्हणाले.

चीज सुंदर झालं. तसा फोटो मला पुन्हा कधी मिळाला नाही. तात्यांनी दोन गोळे खाल्ले. वहिनींना म्हणाले, "आज लोण्यावाणी झालंया, शुभांगी." आणि वहिनींनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे श्रेय माझं.

त्यानंतर जवळजवळ चार महिने आठवड्यातून दोनदा. मी दर वेळी ताटाकडे बघायचे. पहिल्या आठवड्यात घास जायचा नाही. नंतर जायला लागला. हे तुम्हाला सांगायला मला सगळ्यात लाज वाटते — नंतर जायला लागला, अगदी सहज.

हाच कबुलीजबाब, असं तुम्हाला वाटलं असेल. मीही बरेच दिवस हाच धरून बसले होते. कारण हा त्यातल्या त्यात बरा आहे. पोरगी होती, चूक झाली, म्हणता येतं. खरं जे आहे ते पुढे आहे, आणि मी त्याच्याभोवती फिरते आहे, हे माझ्याही लक्षात येतंय.

पुढच्या सुट्टीत सायली आमच्याकडे जेवायला आली. दुपार होती. पप्पा कारखान्यातून जेवायला घरी आलेले, दादा शेतावरून. तात्या भिंतीला टेकून बसलेले, ताट पुढ्यात. सायली मोकळी, बडबडी. तिच्या मनात काही नव्हतं. चीजचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "अगं, कसलं भारी झालंय! त्या काफ रेनेटच्या गोळ्यांचंच ना हे? तिकडे व्हेजवाल्या पण मिळतात शेजारीच, तू बोलली नाहीस म्हणून मी त्याच उचलल्या."

तात्यांचा हात ताटात होता. "काफ म्हंजी?"

दादानं खाली बघतच सांगितलं, "वासरू, तात्या."

"वासराचं काय?"

सायलीला तेव्हा कळलं. तिनं सावरायचा प्रयत्न केला, म्हणाली, अगदी थोडंसं असतं काका, नसल्यासारखंच. दादानं विचारलं, काय थोडंसं? आणि तिला सांगावं लागलं.

तात्या उठले. हात न धुता तसेच बाहेर मोरीवर गेले आणि ओकायचा प्रयत्न करू लागले. काही बाहेर येईना. त्यांचा तो आवाज आत ऐकू येत होता, आणि आम्ही सगळे आपापल्या ताटांसमोर बसून होतो. तात्या गोठ्यातल्या प्रत्येक वासराला स्वतःच्या बोटानं दूध चाटवायचे. हेही मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मुद्दाम सांगितलं नाही.

ते परत आले, दारात उभे राहिले. वहिनींना म्हणाले, "तू इचारलं न्हाईस?"

बघा, त्यांनी मला विचारलं नाही. माझ्यावर कुणाचा संशयच नव्हता. तात्यांचं ताट वहिनींचं होतं, त्यांनीच बघायचं. वहिनींनी तोंड उघडलं. त्या सांगणारच होत्या. साधं होतं ते — ताईंना विचारलं होतं, ताई चालेल म्हणाल्या. आणि सांगायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला संधी द्यायला बघितलं, असं मला वाटतं. त्या मला वाचवत नव्हत्या, नुसत्या थांबल्या होत्या. मीच सांगावं म्हणून.

आणि मी बोलले. मी, जिची पाहुण्यांना 'पाणी घ्या' म्हणायलाही जीभ उचलत नाही, ती सगळ्यांच्या आधी बोलले. हळू आवाजात, आश्चर्य वाटल्यासारखं, वहिनींकडे बघून —

"तात्यांचं तुम्ही व्हिनेगरवर वेगळं करत नव्हतात? मला वाटलं, त्यांचं वेगळंच असतं."

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आरोपसुद्धा केला नाही मी. प्रश्न विचारला. प्रश्नाला कुणी खोटं म्हणत नाही. आणि माझं ऐकलं सगळ्यांनी, कारण जी मुलगी बोलतच नाही, ती बोलते तेव्हा खरंच बोलत असणार. माझा अबोलपणा मी तेवीस वर्षं जमवला होता. तो सगळा त्या एका वाक्यावर लावला, आणि तो पुरला.

वहिनींचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग मिटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चुकलं. माझंच चुकलं."

आई सुटली मग. "तुला येवढी अक्कल नसावी? येकाच माणसाचं बघायचं, ते बी जमंना? ताईला काय, ती लेकरू हाय, मोबाइलमधलं बघून सांगती. त्येंचं ताट तुझं हुतं!" पप्पा म्हणाले, "पुरे." दादा गाडी काढून शेतावर निघून गेला. सायली रडत होती. तिला फाट्यावर सोडायला मीच गेले. ती रस्ताभर म्हणत होती, "माझ्यामुळे झालं गं." मी तिलाही म्हणाले नाही, की नाही, तुझ्यामुळे नाही.

तात्यांनी माळ उतरवून देवापुढे ठेवली. तीन दिवस पाण्यावर राहिले. गावातल्या महाराजांनी सांगितलं, नकळत घडलं त्याचा दोष लागत नाही, माळ घाला. एकादशीला त्यांनी ती पुन्हा घातली. माळ परत आली. ती फळी मात्र परत आली नाही. वहिनींच्या हातचं ते त्यानंतर जेवले नाहीत. रागावले नाहीत, एकदाही टाकून बोलले नाहीत. वहिनी ताट घेऊन गेल्या की म्हणायचे, "नगं बाळा, न्हे." आईनं सारखं ओरडावं आणि तात्यांनी एकदा 'नगं बाळा' म्हणावं, यात जास्त काय लागत असेल, ते मी वहिनींच्या पाठीकडे बघून शिकले.

वरकुट्याहून त्यांची आई आली. इंदापूरला एसटी बदलून, पिशवीत पेरू घेऊन. तात्यांपुढे हात जोडून खाली बसली. "लेकरू अडाणी हाय. पदरात घ्या." आपल्या मुलीनं न केलेल्या गोष्टीची माफी मागत होती ती, आणि वहिनी दाराआड उभ्या होत्या. मी चहा नेऊन दिला. त्या बाईनं माझा हात धरला, खरखरीत हात, आणि म्हणाली, "तुमी तरी सांगायचं हुतं की वो ताई तिला. तुमाला विंग्रजी येतंया."

ती खऱ्याच्या इतकी जवळ आली होती. मी कपबशी उचलली आणि आत गेले.

मग एक दिवस तात्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "पोरी, आता तूच घालीत जा मला. तुला वाचाया येतंय. तू बघून घालशील."

तुम्ही काय केलं असतं, असं मी विचारणार नाही. तुम्ही काय केलं असतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि मलाही.

मी हो म्हणाले. मटण सोडलं — ते काही कठीण नव्हतं. त्या फळीवरची भांडी माझी झाली. मला भाकरी येत नव्हती. थापली की फाटायची, तव्यावर टाकली की कडा जळायच्या आणि मध्ये कच्ची. तात्या ती दुधात भिजवून गुमान खायचे. वहिनी उंबऱ्याच्या पलीकडे उभ्या राहून सांगायच्या, "पाणी ऊन घ्या. पीठ मळताना मनगट लावा. तात्यांना मीठ कमी लागतं, ताई." आत यायच्या नाहीत. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा माझा हात भाजला होता. मी त्यांना म्हणाले, "वहिनी, आज तुम्हीच करून द्या ना भाकरी. मी केली म्हणून नेऊन देते, त्यांना काय कळतंय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दुपारनंतर त्यांनी माझ्याकडे असं सरळ पहिल्यांदाच बघितलं. मग म्हणाल्या, "न्हाय ताई. त्यांला फसवून न्हाय घालायचं."

एवढंच. आवाज चढवला नाही, दुसरं काही सुचवलं नाही. मी भाजलेल्या हातानं पीठ मळलं. त्यांनी उंबऱ्याबाहेरून कैलासजीवनची डबी आत सरकवली.

मी ते पान बंद केलं. फोटो काढून टाकले. डबीत आठ गोळ्या उरल्या होत्या, त्या कॅनॉलमध्ये टाकल्या. आधी पुरावा म्हणून ठेवाव्यात असं वाटलं होतं — कशाचा पुरावा, कुणाला दाखवायला, माहीत नाही. नंतर कधीतरी सहज बघितलं, तर वनस्पतीपासून केलेलं रेनेट पुण्याहून तीन दिवसांत घरपोच येतं. तेव्हाही येत होतं. मी शोधलं नव्हतं.

मी स्वतःला दुसऱ्याही गोष्टी सांगत असे. आमच्या गोठ्यात जर्सी गाईला गोऱ्हा झाला की महिन्याभरात दिसेनासा व्हायचा. कुठं गेला, हे दूध पिणाऱ्या आमच्यापैकी कुणी विचारायचं नाही. तात्यांनीही कधी विचारलं नाही. मग एका गोळीचं एवढं काय? हे मी मनात खूप घोळवलं. मला ते हुशारीचं वाटायचं. पण तात्यांनी कधी कुणाला विचारलं नाही, आणि वहिनींनी मला विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं. यातला फरक कळायला इंग्रजी लागत नाही.

सांगायला वेळ नव्हता असंही नाही. तात्या त्यानंतर अकरा महिने जगले. दिवसातून दोनदा मी ताट घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. म्हणजे किती वेळा? मी मोजलं आहे, पण तुम्हाला सांगत नाही. प्रत्येक वेळी आम्ही दोघंच असायचो. ते खाता खाता थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, माझ्याकडे बघायचे. कधी म्हणायचे, "ती रागावली का गं माझ्यावर?" वहिनींबद्दल विचारायचे. "मला तिचा राग न्हाय. पर घास उतरत न्हाय तिच्या हातचा, काय करू?"

तेव्हा सांगायचं होतं. तिथेच. तात्या, विचारलं होतं वहिनींनी, मी खोटं बोलले. सात शब्द. मी म्हणायचे, "नाही हो तात्या, रागावल्या नाहीत." आणि भाकरीचा पुढचा तुकडा दुधात बुडवून द्यायचे.

का नाही सांगितलं? मग ते माझ्याही हातचं खाणार नाहीत, उपाशी राहतील, असं मी म्हणायचे. खोटं आहे हे. ते वहिनींकडे परत गेले असते. त्याच संध्याकाळी गेले असते. मला माहीत होतं. सगळं त्यांच्यापाशी परत गेलं असतं, आणि मी उंबऱ्याच्या पलीकडे गेले असते — हे मला नको होतं. मला त्यांचं माझ्या हातचं खाणं आवडायला लागलं होतं. लिहून टाकलं. हे मला लिहीपर्यंत माहीत नव्हतं.

माघात त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, आता वयच झालं आहे. शेवटच्या दोन दिवसांत ते काही खात नव्हते, चमच्यानं पाणी तेवढं. वहिनी पायाशी बसून होत्या, तळव्यांना तेल चोळत. ते चालायचं. पायाला हात लावलेला चालायचा. पाणी मात्र मी पाजायचे. दुपारी आई गोठ्यात होती, मी तोंड धुवायला बाहेर गेले होते, आणि तात्यांनी पाणी मागितलं. मी परत आले तेव्हा दारातून बघितलं. वहिनींच्या हातात चमचा होता, भरलेला, तात्यांच्या ओठांजवळ नेलेला. तात्यांनी डोळे उघडून कुणाचा हात आहे ते बघितलं आणि तोंड हळूच बाजूला वळवलं. ओठ कोरडे पडलेले होते. वहिनींनी चमचा खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "या ताई, तुमी द्या."

मी दिलं. ते प्यायले.

त्याच संध्याकाळी गेले.

दहा दिवस माणसं येत होती. बायका आईजवळ बसून बोलायच्या. "पोरीनं लई केलं तात्याचं. आजकाल कोण करतंय? शिकल्याली आसून भाकरी थापून घातली म्हाताऱ्याला." कुणीतरी पुढे म्हणायचं, "आन् सुनंनं बघा." आई सुस्कारा सोडायची. वहिनी समोरून चहाचे कप गोळा करत फिरत असायच्या. त्यांना ऐकू जात होतं, बायका आवाज कमी करत नव्हत्या. एकीनं तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजली.

मला पुण्याला नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात मी जाते. वहिनी इथेच आहेत. फळीवरची भांडी आईनं बाकीच्या भांड्यांत मिसळून टाकली. रविवारी मटण असतं. वहिनी अजून खात नाहीत, आणि का, ते आता घरात कुणी विचारत नाही. मी घरी कुणालाच काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं म्हणजे त्यांना सांगितलं, असं होत नाही.

वहिनींनी मला विचारलं होतं, आणि मी सगळ्यांसमोर विचारलंच नव्हतं असं बोलले. तात्या तेच खरं मानून गेले.